तेरडा कुणी लावला?

दुपारची जेवणं उरकली की घासायच्या भांड्यांकडे पाठ फिरवून गॅलरीत जाऊन उभं राहायची मला सवय आहे. परवा तशीच उभी होते, तर मोगऱ्याच्या कुंडीत, अगदी खोडाला खेटून, एक रोप. लुसलुशीत गुलाबीसर दांडा, कडेला बारीक दाते असलेली लांबट पानं. तेरडा! चौथ्या मजल्यावर तेरडा कुठून आला? मी लावला नाही. आमच्या ह्यांनी तर आयुष्यात कधी धणेसुद्धा पेरलेले नाहीत. मागे गावाहून पिशवीभर माती आणली होती, तिच्यातून आला असणार.

मोगऱ्याच्या तोंडचा घास काढणारं असलं काही कुंडीत राहू द्यायचं नसतं, हे मला कळतं. खुरपं हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. मी पैसे मोजून आणलेलं झाड बिनदिक्कत उपटते, पण आपणहून आलेल्याला माझा हात लागत नाही. यावरून घरात मला पुष्कळ ऐकून घ्यावं लागतं. एकदा कढीलिंबाच्या कुंडीत पपई उगवली होती. तिने पुढे काय केलं ते इथे सांगत नाही.

आजीच्या घरी न्हाणीघराच्या मागे, सांडपाणी जायचं तिथे अळू आणि कर्दळ, आणि त्यांच्या कडेने तेरडाच तेरडा. तोही कुणी लावलेला नव्हता. गणपतीनंतर त्याला फुगीर, लवदार बोंडं धरायची. पिकलेलं बोंड चिमटीत धरलं की फट्! साल आतल्या आत वळून गोळा व्हायची आणि बिया चहूकडे. कुणाची बी विहिरीच्या काठापर्यंत जाते यावर आमच्या पैजा लागत. आजी आतून ओरडायची, "मेल्यांनो, पुढच्या वर्षाची पेरणी चाललीय होय?" तिला राग नसायचा, कारण गौरी आणायच्या दिवशी हीच रोपं मुळासकट उपटून सुपात बसायची. सांडपाण्यावरचा तेरडा, त्याला हळदकुंकू लागलं की देवी. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं ज्याने कुणी म्हटलं त्याने पुढच्या जूनमध्ये येऊन पाहिलेलं नसावं.

माझ्या या खोडीला मध्यंतरी एका बड्या घरची साथ मिळाली. नोरा लिंडसे, इंग्लंडात बागा करणारी एक बाई. जन्म १८७३ चा आणि तो आपल्या उटीचा. एरवी इंग्लंडातल्या सरदार घराण्यांच्या बायकांबद्दल मला फार कुतूहल नाही. पण उटी म्हटल्यावर वाचत गेले. माहेरची बर्क. तिचा काका म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो, ज्याला १८७२ मध्ये पोर्ट ब्लेअरला शेर अली आफ्रिदीने भोसकून मारलं, तोच. नोराचं लग्न १८९५ मध्ये झालं. घर मिळालं सटन कोर्टने नावाच्या गावात, थेम्सच्या काठावर. तिथे तिने बाग केली ती कुठल्या शाळेत शिकून नव्हे. बघत, लावत, उपटत. काटकोनात कातरलेली यू आणि बॉक्सची हिरवीगार झाडं, त्यांच्यामध्ये मात्र फुलांना मोकळं रान. आणि माझ्या दृष्टीने मुख्य म्हणजे, आपोआप रुजलेली रोपं ती राहू द्यायची. अगदी फरशीच्या फटीत आलेलीसुद्धा. माळ्यांना काय वाटत असेल कोण जाणे. हातात खुरपं आणि मालकीण म्हणते, राहू दे.

(याच गावच्या दफनभूमीत लेखक जॉर्ज ऑर्वेल आहे. दगडावर नाव मात्र खरं, एरिक आर्थर ब्लेअर. तो जन्मला बिहारात, मोतिहारीला. एका इंग्रजी खेड्यात एक उटीची आणि एक मोतिहारीचा. याचा पुढच्या मजकुराशी काही संबंध नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

तर १९२४ उजाडलं. नोरा एक्कावन्न वर्षांची. लग्न मोडलेलं, पैसा संपलेला, घर तेवढं मोठं. एक्कावन्नाव्या वर्षी या बाईने कामाला सुरुवात केली. येत होतं एकच, बाग करता येत होती. मग ओळखीपाळखीच्या लोकांच्या बागा ती करायला लागली, आणि ओळखीचे म्हणजे कोण, तर क्लिव्हडनच्या हवेलीची मालकीण नॅन्सी अ‍ॅस्टर, पुढे गादी सोडणारा तो प्रिन्स ऑफ वेल्स, आणि सर फिलिप ससून. ससून हे नाव वाचल्यावर पुणेकराची मान वर होणारच. हा डेव्हिड ससूनचा पणतू. ज्यांच्या नावाने आपलं ससून रुग्णालय आहे आणि लाल देवळाच्या आवारात ज्यांची कबर आहे, ते डेव्हिड ससून. मुंबईच्या धक्क्यावरून गेलेल्या कापसाचा आणि अफूचा पैसा तीन पिढ्यांनी केंट परगण्यात पोर्ट लिम या फिलिपच्या घरी फुलांचे लांबच लांब ताटवे होऊन उगवला, आणि ते ताटवे रंगवायला उटीत जन्मलेली बाई. बी कुठवर उडतं!

बागा करायला नोरा जायची ती पाहुणी म्हणून. जेवणाच्या टेबलावर तिला मानाची जागा असायची, गप्पांमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, कपडेही असे की लोकांनी पाहत राहावं. आणि सकाळी उठून चिखलात.

इथे मला सुमनकाकू आठवते.

सुमनकाकू आमची लांबची. इनाम गेलं, वाडा विकला गेला, काका देवाघरी, आणि काकूच्या हातात उरली रांगोळी. कुठेही लग्न निघालं की बोलावणं यायचं, "काकू, तुम्ही चार दिवस आधीच यायचं हं, तुमच्या रांगोळीशिवाय मांडवाला शोभा नाही." काकू यायची. इस्त्रीची जुनी इरकल, कानात मोत्याच्या कुड्या. अंगण सारवून झालं की उकिडवी बसायची, ती उठायची अंधार पडल्यावर. निघताना खण-नारळाखाली घडी केलेल्या नोटा असायच्या. ‘पैसे’ हा शब्द कुणीही उच्चारायचं नाही. देणाऱ्यानेही नाही, घेणारीनेही नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन. माजघराच्या दाराआड काकूला त्या नोटा मोजताना मी पाहिलं. तिने मला पाहिलं. मग पदर सावरून म्हणाली, "नारळ बघत होते गं, पाणी आहे का ते." त्यानंतर कितीतरी दिवस मी तिच्या समोर जायचं टाळलं. चूक माझी असल्यासारखं.

काकूला कुणीतरी म्हणालं होतं, वहीत उतरवून द्या ना, आमच्या मुली शिकतील. काकू म्हणाली, "जागा बघितल्याबिगर हात चालत नाही." नोराचंही हेच. आराखडे, नकाशे असं तिने मागे जवळजवळ काही ठेवलं नाही. जागेवर उभं राहून, हातवारे करत, माळ्याला सांगत बाग व्हायची. तिच्याबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं तिने बहिणीला लिहिलेल्या पत्रांतून.

तिचं उरलेलं काम पाहायचं तर नॉरफक परगण्यात ब्लिकलिंगला. तिथल्या वाड्यासमोर आधीच्या पिढीच्या हौसेने केलेल्या वाफ्यांची कशिदाकारी होती. नोराने ती बहुतेक सगळी पुसली आणि चार मोठे चौकोन ठेवले. वाड्याजवळच्या दोघांत गुलाबी, निळा, जांभळा, पांढरा. पलीकडच्या दोघांत पिवळा, नारिंगी, लाल. यूची जुनी झाडं मात्र राहू दिली. ती अशी कातरलेली आहेत की त्यांना लोक ‘पियानो’ म्हणतात. मालक होता लॉर्ड लोथियन. हो, तोच. १९३२ च्या मताधिकार समितीचा अध्यक्ष, जिच्यात डॉ. आंबेडकर सदस्य होते आणि जिच्या अहवालाला त्यांनी आपलं वेगळं टिपण जोडलं होतं. इकडे कोट्यवधी माणसांतल्या कुणाला मताचा हक्क द्यायचा आणि कुणाला नाही याच्या याद्या, आणि त्याच सुमाराच्या वर्षांत तिकडे पिवळ्याशेजारी गुलाबी नको यावर खल. माणसाच्या डोक्यात दोन्ही एकाच वेळी मावतं, याचं मला जरा भय वाटतं.

हिडकोट नावाची फार नावाजलेली बाग आहे, लॉरेन्स जॉन्स्टनची. तो नोराचा स्नेही, आणि आपल्यामागे ही बाग तिला द्यायची असं त्याच्या मनात होतं. त्याच्याआधी तीच गेली, १९४८ मध्ये. बाग नॅशनल ट्रस्टकडे गेली. दुसऱ्यांच्या एवढ्या बागा केलेल्या बाईला म्हातारपणी एक आयती मिळणार होती, तीही हुकली.

सुमनकाकू गेली ती ऐन दिवाळीच्या आठ दिवस आधी. तिच्या मुलाच्या घरी सुतक, म्हणून त्या दिवाळीत दारात रांगोळी नव्हती. नुसती शेणाने सारवलेली ओली जमीन. मी तिथे चपला कुठे काढाव्यात ते न कळून बराच वेळ उभी होते.

तेरडा आता वीतभर झालाय. मोगरा दुसऱ्या कुंडीत हलवावा म्हणतेय.