जुना पेन्सिल सेलवाला कॅमेरा परत चालू केला – माझा अनुभव

भाचीला हल्ली जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या फोटोंचं वेड लागलंय, म्हणून कपाटातला आमचा 2008 च्या आसपासचा 8 मेगापिक्सेलचा छोटा कॅमेरा बाहेर काढला, तर चालूच होईना. दुकानदाराने हातातही न घेता सांगितलं, पार्ट मिळत नाहीत, टाकून द्या. मला काही ते पटलं नाही.

सेलचं झाकण उघडलं तर आत पांढरी भुकटी, म्हणजे सेल गळलेले. कान कोरायच्या कापसाच्या काडीला अगदी थोडं व्हिनेगर लावलं (टपकेल इतकं नको, आत ओघळ गेला की संपलंच) आणि स्प्रिंग पुसली, जरा फसफसतं आणि भुकटी सुटते. मग कोरडी काडी फिरवली आणि पत्रे खोडरबराने घासले.

नवे सेल घातले तर स्क्रीनवर "बॅटरी बदला". अरे आत्ताच तर बदलल्या! पण घड्याळात, रिमोटमध्ये वर्षभर चालतात ते स्वस्तातले सेल इथे कामाचे नाहीत, कारण लेन्स बाहेर येताना आणि फ्लॅश चार्ज होताना एकदम जास्त करंट लागतो आणि त्यांचा व्होल्टेज धाडकन खाली येतो. निकेल मेटल हायड्राइडवाले रिचार्जेबल आणले, त्यांच्यावर 1.5 च्या जागी 1.2 व्होल्ट लिहिलेलं बघून कमी पडतील असं वाटतं पण लोड आल्यावर तेच टिकतात.

मग मेमरी कार्ड. घरात होतं ते 64 जीबीचं, म्हणजे एसडीएक्ससी या नंतरच्या प्रकारातलं, आणि आमचा कॅमेरा त्याआधीच्या एसडीएचसी प्रकारापर्यंतच ओळखतो म्हणजे 32 जीबी, त्याच्या वर गेलं की कार्ड एरर. (याहून जुन्या कॅमेऱ्यांना तर 2 जीबीच्या पुढचं कार्ड चालतच नाही.) 16 जीबीचं घातलं तर "कार्ड लॉक्ड", कारण कडेची ती बारीक सरकपट्टी ढिली झालीय आणि कार्ड आत ढकलताना खाली सरकते. तिथे सेलोटेपचा तुकडा चिकटवला. फॉरमॅट मात्र कॅमेऱ्यातच केलं, कॉम्प्युटरवर नाही.

सगळ्यात चिवट निघाली लेन्स. अर्धी बाहेर यायची, करकर वाजायची, परत आत आणि लेन्स एरर. समुद्रावर नेल्याची वाळू, दुसरं काय! ती ओढायची नाही, आत प्लॅस्टिकचे दात असतात, आणि तेल तर अजिबात नको. लेन्सचं तोंड खाली धरून रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारली, कड्यांच्या फटीतून व्हिजिटिंग कार्डची कड फिरवली, कण पडले, परत तेच, आणि एकदाची लेन्स पूर्ण बाहेर आली.

रात्री फ्लॅशने काढलेल्या फोटोत पांढरे गोळे दिसले, सासूबाई म्हणाल्या काहीतरी आहे घरात! अहो धूळ आहे ती, फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो म्हणून समोरचे कण उजळतात आणि फोकसबाहेर असल्याने गोल फुगून दिसतात. फ्लॅश बंद केला तर फोटो हलतात, मग कॅमेरा टेबलावर ठेवून 2 सेकंदाचा टायमर. आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा ते सेटिंग) वाढवलं की फोटोत दाणे येतात म्हणून मी कमी ठेवत होतो तर भाची म्हणे मामा, तेच तर हवंय.

एक काळपट डाग अजून आहे, झूम केलं की प्रत्येक फोटोत त्याच जागी उमटतो. ती सेन्सरवरची (आत फोटो टिपणाऱ्या चिपवरची) धूळ, कॅमेरा पूर्ण खोलल्याशिवाय निघणार नाही, आणि फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचा झटका सेल काढल्यावरही बसू शकतो म्हणून मी त्या फंदात पडलो नाही. भाचीला सांगितलंय, झूम जरा कमी कर.