बेकर स्ट्रीटचा पाच नंबरचा फलाट

लंडनच्या बेकर स्ट्रीट स्थानकात एकूण दहा फलाट आहेत. मी गेलो ते फक्त पाच आणि सहा नंबरसाठी. १० जानेवारी १८६३ ला जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हाचे हे दोन फलाट आजही वापरात आहेत.

भुयारी म्हटल्यावर खोल उतरायची मनाची तयारी केली होती. जिना उतरायला लागलो आणि लगेच संपलाच! कारण इथला मार्ग बोगद्यासारखा पोखरलेला नाही. १८६० मध्ये काम सुरू झालं तेव्हा वरचा रस्ताच उकरला, खंदक खणला, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती उभारल्या, वर कमान घातली आणि माती लोटून पुन्हा रस्ता केला. मुख्य अभियंता होते जॉन फाउलर. जून १८६२ मध्ये मार्गाच्या पूर्व टोकाला, फॅरिंग्डनच्या बाजूला, फ्लीट नदीचं गटार (ही नदी तोवर झाकून तिचं गटारच केलं होतं) फुटून खंदकात पाणी शिरलं. तरीही पुढच्याच जानेवारीत गाडी धावली. कुदळ-फावड्यांच्या त्या काळात!

फलाटाच्या भिंतीत ओळीने कोनाडे आहेत, वरच्या बाजूला तिरके गेलेले. एका कोनाड्यापाशी मी बराच वेळ उभा होतो. आज त्यात दिवे लावलेत, पण मुळात ते रस्त्यावरचा उजेड आणि हवा खाली आणण्यासाठी ठेवले होते. गाड्या वाफेच्या होत्या ना! इंजिनाची वाफ टाकीतल्या थंड पाण्यात सोडून जिरवत. धुराला मात्र असा काही उपाय नव्हता. विजेवरच्या गाड्या आल्या १९०५ मध्ये, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं लोकांनी तो धूर सोसला. तरी पहिल्याच दिवशी सुमारे ३८,००० प्रवासी आले होते. डब्यात गॅसचे दिवे असत.

जीव हळहळला तो चार्ल्स पिअर्सन यांच्यासाठी. कष्टकऱ्यांना शहरातल्या कोंदट वस्तीतून बाहेर, मोकळ्या हवेत राहता यावं आणि रोज कामावर येता यावं, म्हणून या वकिलाने वर्षानुवर्षं रेल्वेचा पाठपुरावा केला. पैसा उभा राहावा म्हणून लंडन सिटीच्या, म्हणजे लंडनच्या मधल्या जुन्या भागाच्या, नगरपालिकेला भागभांडवल घालायला लावलं. आणि सप्टेंबर १८६२ मध्ये, गाडी सुरू व्हायच्या चार महिने आधी, ते गेले. याच मार्गासाठी फ्लीटच्या खोऱ्यातल्या किती गरिबांची घरं पाडली गेली, तेही मला तिथे उभं राहून विसरता येईना. ज्यांच्यासाठी रेल्वे, त्यांच्यातलेच काही आधी बेघर झाले.

कमानीच्या विटांवर हात ठेवला. गार होत्या. तेवढ्यात सर्कल लाइनची गाडी आली, विटांमध्ये बारीक थरथर जाणवली. ती गाडी मी जाऊ दिली. तिच्यामागची हॅमरस्मिथचीही.