आंब्याची बिअर आणि पन्नास गुण

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या ब्रूअरींच्या फळ्यांवर आंबा लागतो. खडूने काढलेलं पिवळं फळ, त्याला दोन हिरवी पानं आणि खाली किंमत. मंडईत पेटीचा भाव उतरायची वाट बघणारा पुणेकर इथे मात्र भाव न विचारता ग्लास मागवतो. २००९ मध्ये डूलॅलीने पुण्यात आपली मायक्रोब्रूअरी, म्हणजे बिअर तिथेच बनवून पाजणारी जागा, सुरू केली, तोवर परमिट रूममध्ये बिअरबद्दल एकच प्रश्न विचारला जायचा, ‘माइल्ड की स्ट्राँग?’ आता प्रश्न पुष्कळ झालेत. त्यातला मला सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न असा की, फळाची बिअर चांगली जमली आहे हे ठरवायचं कशावरून?

आंब्याच्या बाबतीत तर विचारायलाच नको, कारण घराघरात आंब्याचे परीक्षक बसलेले. देठाशी नाक लावून पेटी घ्यायची की नाही ते ठरवणार आणि कापल्यावर साका निघाला तर आंबेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. माझा एक मित्र देवगडकडचा. पहिला घोट घेण्याआधीच त्याने वेटरला विचारलं, “हापूस कुठला?” वेटर म्हणाला, “सर, पल्प आहे.” मित्राने ग्लास माझ्याकडे सरकवला आणि स्वतःसाठी साधी लागर मागवली.

खरं तर पल्पमध्ये कमीपणा काही नाही. झाडावरच्या फळाच्या सालीवर रानटी यीस्ट आणि जिवाणू असतात. ते टाकीत शिरले की बिअर कुठल्या दिशेला जाईल याचा नेम नाही. तापवून डबाबंद केलेला गर त्या मानाने गुणी. त्याची गोडीही बऱ्यापैकी सारखी असते, त्यामुळे ब्रूअरला हिशोब करता येतो. घोळ होतो तो पुढे, आणि त्यात बिचाऱ्या पल्पचा दोष नसतो.

आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात चौदा-पंधरा ग्रॅम साखर सहज असते. ही साखर यीस्टच्या अगदी आवडीची. जवाच्या माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातली, सगळी साखर त्याला पचत नाही, काही मागे उरते आणि बिअरला अंग देते. फळातली साखर मात्र ते जवळजवळ सगळी फस्त करतं. तिचं मद्य होतं, वायू होतो, आणि उरतं काय तर थोडी आंबट धार आणि बराचसा वास. म्हणजे बिअरमध्ये आंबा जितका जास्त घालावा तितकी ती कोरडी आणि पातळ होत जाते. आमरसाची आशा धरून बसलेला माणूस इथे हिरमुसतो. मग त्याला खूश ठेवायला काही ठिकाणी शेवटी सिरप किंवा इसेन्स घालतात. ग्लास जवळ आणला की कोपऱ्यावरच्या आइसक्रीमवाल्याची आठवण होते, जिभेवर गोडी बसते आणि दुसऱ्या ग्लासाची इच्छा मरते. माझा पहिला निकष हाच. फळाच्या बिअरमध्ये फळाची गोडी सापडली तर मी संशय घेतो. बर्लिनमध्ये आंबट गव्हाच्या बिअरमध्ये रास्पबेरीचं लाल सिरप घालून पितात, पण तिथे तो उघड मामला. लाल हवं की वुडरफ नावाच्या वनस्पतीचं हिरवं, ते तुम्हीच सांगायचं.

बिअरच्या स्पर्धांमध्ये परीक्षकांकडे जी गुणपत्रिका असते, तिच्या अमेरिकेत तयार झालेल्या आणि जगभर चालणाऱ्या नमुन्यात एकूण गुण ५०. त्यातले वासाला १२, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकंदर परिणामाला १०. आणि दिसण्याला? फक्त ३! आपल्या टेबलावर मात्र सगळा कार्यक्रम त्या तीन गुणांचाच असतो. गुलाबी बिअर आली की आधी फोटो, मग तिरका फोटो, मग ग्लासामागे चेहरा ठेवून फोटो. तोवर फेस बसलेला असतो, आणि फेसाबरोबर वरचा अर्धा वासही गेलेला असतो.

वास घ्यायची रीत सोपी आहे. ग्लास अर्धाच भरलेला असावा, वर तळहात झाकून जरा फिरवावा, आणि हात काढून लहान लहान हुंगे घ्यावेत. दीर्घ श्वास घेऊन काही होत नाही, नाक लगेच थकतं. अडचण येते ती तापमानाची. आपल्याकडे बिअर हिमालयातून आणल्यासारखी गार हवी असते, आणि इतक्या गारठ्यात वास गोठून बसतो. म्हणून मी ग्लास दोन्ही हातांत धरून बसतो. वेटर दोनदा येऊन विचारून जातो, “सर, गार नाहीये का? बदलून देऊ?” पाच-सात मिनिटांनी जे वर येतं ते खरं. आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडायला विसरू नये. वाइनचे परीक्षक घोट थुंकून टाकतात. बिअरचे परीक्षक गिळतात, कडूपणाचा शेवट घशाशी कळतो म्हणून. परीक्षणाच्या एकाही क्षेत्रात इतकी सोय नसेल.

नाक फसवतंही फार. जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आत केळं नसतं, लवंगही नसते. दोन्ही कारभार यीस्टचे. बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या हॉप्स या फुलांपैकी अमेरिकेतल्या सिट्रा आणि मोझॅक या जातींना तर थेट आंब्याचा वास येतो. हॉप्सच्या तेलात मिरसीन नावाचं द्रव्य असतं आणि ते आंब्यातही असतं, त्यामुळे या नातेसंबंधाला आधार आहे. परिणामी आंब्याचा अंश नसलेली एखादी आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची बिअर, बाजूच्या आंबा-बिअरपेक्षा जास्त आंबेमय निघते. हे मी देवगडच्या मित्राला अजून सांगितलेलं नाही. दोषांचेही असेच मुखवटे असतात. लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर आंबताना तयार होणारं डायअसिटिल नावाचं द्रव्य राहिलंय, टाकी घाईने रिकामी केली असावी. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कच्ची. फळाच्या बिअरमध्ये असे दोष फळाच्या नावावर खपून जातात, हीच तिची मोठी सोय. सफरचंदाच्या बिअरला सफरचंदाचा वास आला तर तक्रार कोण करणार?

फळ आणि बिअर यांचा संसार खरा जमलेला बघायचा तर ब्रसेल्सकडे बघावं. तिथली लाम्बिक ही बिअर बाहेरून यीस्ट न घालता आंबवतात. धान्याचा उकळलेला रस उथळ, पसरट तांब्याच्या भांड्यात रात्रभर उघडा ठेवायचा आणि हवेतून जे काही पडेल त्याच्यावर भरवसा ठेवायचा. गार रात्री लागतात म्हणून हे काम हिवाळ्याच्या आगेमागेच होतं. १९०० साली सुरू झालेल्या कॅन्टिलॉन ब्रूअरीत कोळ्यांची जाळी झाडत नाहीत, कारण फळांवर येणाऱ्या किड्यांचा बंदोबस्त कोळी करतात. (आमच्या आईला ही ब्रूअरी दाखवायची सोय नाही. ती केरसुणी मागेल.) पिंपात मुरलेल्या या आंबट बिअरमध्ये आंबट चेरी घालतात, लिटरमागे दोनशे ग्रॅमच्या घरात, आणि महिनोन् महिने तशाच ठेवतात. तयार होते ती क्रीक. गोडी संपलेली, चेरीचा रंग बिअरमध्ये उतरलेला, आणि चेरीच्या बियांतून आलेला बदामासारखा एक वास मागे दरवळणारा. तिथे चेरीला बिअरच्या रीतीभातींप्रमाणे राहावं लागतं. गुणपत्रिकेचंही म्हणणं जवळपास हेच आहे की, फळ कळलं पाहिजे, पण खालची बिअर ओळखू आली पाहिजे.

म्हणून माझं मत असं झालंय की हापूस हे बिअरसाठी चुकीचं फळ आहे. त्याचं सगळं वैभव गोडीत, आणि यीस्ट नेमकी तीच खातं. पेरू चालेल, त्याचा वास दांडगा आहे. पण खरा हक्क आंबट-तुरट फळांचा. जांभूळ घ्या. बहाडोलीचं टपोरं जांभूळ, जीभ जांभळी करणारं आणि घसा धरणारं. गोडी गेली तरी त्याचं बरंच काही शिल्लक राहतं. तो तुरटपणा बिअरला कणा देतो. आणि कोकम! जर्मनीतल्या गोस्लार गावची आणि पुढे लाइपझिगने आपली म्हटलेली ‘गोजे’ नावाची एक बिअर आहे. आंबट, गव्हाची, वर चवीला मीठ आणि धने. ती पहिल्यांदा चाखली तेव्हा ती परदेशी वाटलीच नाही. सोलकढी पिऊन वाढलेल्या जिभेला मीठ आणि आंबटाची ही जोडी पाठ असते. या गोजेत कोकम घातलं की दोघांनाही तडजोड करावी लागत नाही. चांगल्या कोकम-गोजेला मी ५० पैकी ४० सहज देईन. हापूसवाल्यांपैकी बहुतेक तिशीतच अडकतात, तेही वासाच्या जोरावर.

करवंदाची बिअर अजून माझ्या वाट्याला आलेली नाही. डोंगरची काळी मैना आंबट आहे, तुरट आहे, रंगाने तर तीनपैकी तीन घेईल. मी हे बोलून दाखवल्यावर देवगडकर लागरच्या ग्लासातून मान वर काढून म्हणाला, “अरे, पण चीक?” मुद्दा बरोबर आहे. करवंदाचा तो पांढरा चीक ओठांना चिकटून बसतो. टाकीत तो फेस धरून ठेवेल की फेस मारेल, हे एकदा ब्रूअरला विचारायला हवं.