रोटेनबुर्गचा नाताळ बाजार: पोचलो, पण दिवेलागणीला

जर्मनीतल्या रोटेनबुर्ग या तटबंदीच्या जुन्या गावी नाताळ बाजार बघायला निघालो, तर आमची गाडी फ्रँकफर्टलाच रद्द झाली. पुढची खच्चून भरलेली, तिच्यामुळे वुर्त्सबुर्गची गाडी चुकली आणि श्टाइनाखच्या उघड्या फलाटावर तासभर कुडकुडत बसलो. सकाळी साडेदहाला पोचणार होतो, ते पावणेपाचला तटाच्या आत शिरलो. आईने (वय 68, गुडघे कुरकुरणारे) वाटेत तीनदा विचारलं, "अरे, परत जाऊ या का?"

हा उशीर पथ्यावर पडला. दिवसाच्या सहलींच्या बसेस निघून जात होत्या, लाकडी टपऱ्यांवर दिवे लागले होते आणि चौकात चक्क चालायला जागा होती. चौकातल्या घड्याळाशेजारच्या खिडक्या तासाला उघडतात. 1631 मध्ये इथल्या माजी महापौराने सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन गाव वाचवलं, अशी दंतकथा आहे, तिचे बाहुले दिसतात. हलतात मात्र अगदीच जेमतेम. त्यासाठी ताटकळू नका.

खायचं म्हणाल तर श्नेबाल हा इथला मिठाईचा गोळा. आईने एक घास खाल्ला आणि निकाल दिला, "शंकरपाळ्याच्या पिठाच्या पट्ट्या गुंडाळून तळल्यात. मोहन कमी पडलंय." दोघांत एक पुरे. शाकाहारींनी बटाट्याच्या किसाचे तळलेले वडे सफरचंदाच्या चटणीबरोबर घ्यावेत. दारू नको असेल तर किंडरपुन्श मागा. सुटे युरो जवळ ठेवा.

आता गाड्यांचं. लांब पल्ल्याची गाडी रद्द झाली की ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीटही दुसऱ्या गाडीला चालतं. हे माहीत नसल्याने आम्ही खिडकीपुढे पाऊण तास घालवला. मुक्कामी पोचायला तासभर उशीर झाला तर भाड्याचे 25 टक्के, दोन तास झाला तर 50 टक्के परत मिळतात, अर्ज करा. श्टाइनाखला गाडी बदलावीच लागते, तेव्हा परतीची शेवटची गाडी आधी पाहून ठेवा. त्यापेक्षा तटाच्या आत एक रात्र राहा, पण खोली फार आधी घ्या. रस्ते दगडी, चाकांची बॅग रडवते. बाजार 23 डिसेंबरला उठतो.

सकाळी तटावरून फिरलो. मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा बराच भाग पडला, तटही. डागडुजीला पैसे देणाऱ्यांच्या नावांचे दगड भिंतीत बसवलेत, त्यांत जपानी नावंही पुष्कळ. आई प्रत्येकापुढे थांबत होती. "आपल्या देवळाच्या पायऱ्यांवर असतं तसंच की, अमक्याच्या स्मरणार्थ."

पेयाच्या मगाची अनामत घेतात, तो परत केला की पैसे परत. आईने तो परत करू दिला नाही. सध्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरात त्यात चमचे उभे आहेत.