सह्या किती लागतील? तुम्ही विचारलंत म्हणून

महापालिकेचा जुना जलतरण तलाव, त्याला लागून बॅडमिंटनचा हॉल, मागं छोटं मैदान. असं संकुल पाडून तिथं बहुमजली इमारत होणार अशी बातमी आली, की पुण्याच्या कुठल्याही भागातून मला पहिला प्रश्न हाच येतो: हे थांबवायला सह्या किती लागतील?

कायद्यात असा आकडा नाही. पाच हजार सह्यांचा गठ्ठा दिला तरी निर्णय बदलायचं बंधन कोणावर येत नाही. उलट, जागेचं आरक्षण, म्हणजे विकास आराखड्यात ठरवलेला वापर, बदलण्याच्या सूचनेवर मुदतीत दिलेली एकच हरकत असली तरी तिची सुनावणी घ्यावी लागते. म्हणून सह्यांच्या आधी फाईल कुठे आहे ते शोधा, आणि शोध चालू असताना तलाव बंद पडू देऊ नका. बहुतेक ठिकाणी हे दुसरं काम विसरलं जातं आणि तिथंच घात होतो.

फाईलचा प्रवास साधारण असा असतो. खातं प्रस्ताव तयार करतं, सल्लागार वास्तुविशारद नेमला जातो, पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज होतो, मग स्थायी समिती आणि मुख्य सभा. काम एका आर्थिक वर्षात संपणारं नसेल तर पुढच्या वर्षांच्या खर्चासाठी ‘७२ ब’चा प्रस्ताव येतो. पुढं निविदा, आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश. सल्लागार नेमण्याच्या टप्प्यावर एक पत्र आणि खातेप्रमुखांची एक भेट जेवढं काम करते, तेवढं कार्यादेशानंतरचा मोर्चासुद्धा करत नाही. कारण कार्यादेश निघाला की ठेकेदाराचे हक्क तयार होतात, आणि भरपाईच्या भीतीनं अधिकाऱ्यांचे हात बांधले जातात. आणखी एक लक्षात ठेवा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं स्थायी समिती व मुख्य सभा या दोन्हींचे अधिकार प्रशासकांकडे होते. त्या काळातले ठराव चर्चेविना मंजूर झालेले आहेत. तुमच्या जागेचा ठराव त्यातच निघू शकतो, तेव्हा तिथूनही शोधा.

फाईल बघायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लागतोच असं नाही. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कार्यालयात जाऊन कागद पाहता यायचे; ही सोय सध्या चालू आहे का, ते आधी विचारून घ्या. पुणे महापालिकेत ही सोय आधीपासून होती, २०१८ मध्ये राज्य सरकारनं ती सगळीकडे लागू केली. चालू असेल तर आधी जाऊन पाहा, टिपणीच्या पानांचे क्रमांक लिहून घ्या, मग नेमक्या त्याच पानांच्या प्रतींसाठी अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जाचा विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘तलाव का पाडताय’ असं विचारलं तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं कोरडं उत्तर येतं. कागदाचं नाव घेऊन मागा: स्ट्रक्चरल ऑडिटचा संपूर्ण अहवाल, तलाव चालवायला दिला असेल तर करारनामा आणि ठेकेदाराची थकबाकी, पाच वर्षांचा देखभालीचा खर्च व वीजबिलं, सल्लागाराचं नेमणूकपत्र. विषय वेगळे असतील तर अर्जही वेगवेगळे करा.

त्याच आठवड्यात जमिनीचे कागद काढा. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक, महापालिकेच्या बांधकाम विकास विभागातून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा सध्याचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. त्यात तुमच्या जागेवर नेमकं काय लिहिलंय, यावर लढाईचं मैदान ठरतं. ‘क्रीडांगण’ किंवा ‘जलतरण तलाव’ असं आरक्षण असेल आणि तिथं दुकानं, कार्यालयं आणायची असतील, तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातल्या कलम ३७ प्रमाणे फेरबदल करावा लागतो. त्यात राजपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी, हे सगळं आलं. पण आराखड्यात नुसतंच ‘सार्वजनिक-निमसार्वजनिक’ असा मोघम वापर दाखवलेला असेल, तर हरकतींचा टप्पा येईलच असं नाही. लोक सूचनेची वाट बघत बसतात आणि थेट पत्रेच ठोकलेले दिसतात. अशा वेळी आधार महापालिका अधिनियमातल्या कलम ७९ चा. महापालिकेची जागा विकायची किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची तर मंजुरी लागते आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी चालत नाही. मूल्यांकनाचा कागद मागा. २०२१ मध्ये ॲमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सुविधांसाठी राखलेल्या जागा, ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा शहरभर विरोध उभा राहिला. जागा एकदा इतक्या वर्षांसाठी गेली की परत येताना एक अख्खी पिढी तिच्याशिवाय मोठी झालेली असते, हे तेव्हा पुष्कळांना जाणवलं.

जमीन महापालिकेकडे मुळात आली कशी, हेही बघाच. सरकारनं विशिष्ट कारणासाठी दिली असेल तर त्या आदेशात शर्त असते. एखाद्या लेआउटची दहा टक्के मोकळी जागा असेल तर तिच्यावर त्या लेआउटमधल्या रहिवाशांचा हक्क लागतो. जुन्या फायलीतलं एक पिवळं पान कधी कधी सगळ्या मोर्चांना भारी पडतं.

हरकती लिहिताना एकच मसुदा शंभर जणांनी सह्या करून देऊ नये. सुनावणीत त्या सगळ्या ‘समान आशयाच्या’ म्हणून एका ओळीत निकाली निघतात. प्रत्येकानं वेगळी द्यावी, दहा ओळींची चालेल. सूचनेचा क्रमांक व दिनांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, तुम्ही जागा कशासाठी वापरता, बदलानं तुमचं नेमकं काय जाईल, आणि शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय महापालिका भवनातून बाहेर पडू नका. मुदत राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून मोजा, तुम्हाला बातमी कळली त्या दिवसापासून नाही. महापालिकेनं फेरबदल मान्य केला तरी तो अंतिम होत नाही. तो मंजुरीला राज्याच्या नगरविकास विभागाकडे जातो, तेव्हा तिथं आणि मध्यवर्ती इमारतीतल्या नगररचना संचालनालयातही तुमचं म्हणणं पोचवा. झाडं तोडायची असतील तर त्याची सूचना वेगळी निघते आणि तिच्यावर हरकतीला जेमतेम सात दिवस मिळतात. जागेवरच्या झाडांवर कागद चिकटवलेला दिसतो का, यावर सकाळच्या बॅचवाल्यांनी लक्ष ठेवावं.

आता तलावाकडे येतो, कारण माझा जीव तिथं अडकलेला आहे. पाडण्याच्या बाजूनं सगळ्यात जोरदार मुद्दा असतो तो ‘वापरच नाही’ हा. तलाव बंद का पडतो? उन्हाळ्यात पाणीकपातीची चर्चा सुरू झाली की पहिली गदा तलावांवर येते. ठेकेदाराचा करार संपतो आणि नवी निविदा वेळेत निघत नाही. जीवरक्षक नसतात. पंप वीजबिल वाचवायला पुरेसे तास चालवला जात नाही, पाणी हिरवं होतं, लोक येणं थांबवतात आणि मग तीच कमी हजेरी अहवालात जाते. म्हणून रोजच्या रोज मोजा. पाण्याचा सामू (पीएच) ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन दहा लाखात एक ते तीन भाग असावं. सामू आठच्या वर गेला की क्लोरीन टाकूनही फारसं काम करत नाही. तपासणीचं छोटं किट मिळतं. आकडे तारखेसह वहीत लिहा, बिघाड दिसला की त्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या. दुरुस्तीची मागणी वारंवार झाली आणि ती डावलली गेली, हे पुढं सुनावणीत याच कागदांवरून दिसतं.

हजेरीही मोजा. सलग दोन आठवडे, रविवार धरून, दर तासाला किती माणसं आत आहेत ते लिहायचं. नावं नकोत, फक्त गट: शाळकरी मुलं, महिलांची बॅच, ज्येष्ठ नागरिक, बाकीचे. पोहायला शिकायला आलेली मुलं वेगळी मोजा. मोजणारे दोघं ठेवा आणि दोघांचे कागद जुळवून पाहा. हा तक्ता सुनावणीत ठेवला की ‘वापर नाही’ हे वाक्य तिथंच गळून पडतं.

दुसरा मुद्दा येतो ‘तलाव गळतो, इमारत धोकादायक’ असा. गळती तपासणं अवघड नाही. एक बादली तलावाच्या पायरीवर अर्धी बुडेल अशी ठेवा, तिच्यात तलावाच्या पातळीइतकंच पाणी भरा, आत आणि बाहेर खूण करा. पंप बंद ठेवून, कोणी पोहायला न उतरता, चोवीस तास जाऊ द्या. बाष्पीभवनानं दोन्ही पातळ्या सारख्याच उतरतील. तलावाची जास्त उतरली तर गळती आहे. मग हेच पंप चालू ठेवून करा. फरक फक्त पंप चालू असतानाच दिसला तर बहुधा पाइपलाइन गळतेय, टाकी शाबूत आहे, आणि पाइप बदलायला तलाव पाडावा लागत नाही. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद तलावात एक सेंटिमीटर म्हणजे ३,१२५ लिटर. तेवढ्यावरून रोजचं नुकसान काढता येतं.

इमारतीचा अहवाल मात्र नीट वाचा. त्यात वर्ग कोणता दिलाय? सी-१ म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ब म्हणजे लोक आत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. सी-२ असताना टिपणीत ‘धोकादायक’ एवढाच शब्द उचललेला असू शकतो. चाचण्या कोणत्या केल्या तेही पाहा. नुसती डोळ्यांनी पाहणी आणि रिबाउंड हॅमर (ठोका देऊन काँक्रीटचा टणकपणा मोजणं) असेल तर पृष्ठभागापलीकडचं फारसं कळत नाही. ध्वनिलहरींची चाचणी, काँक्रीटचे कोअर म्हणजे आतून कापून काढलेले नमुने, सळईच्या गंजाची तपासणी हवी, आणि नमुने कुठून घेतले त्याचा नकाशाही हवा. आणि अहवाल खरोखर सी-१ निघाला तर हट्ट धरू नका. मुलं ज्या छताखाली खेळतात ते छत आपल्या भावनांवर उभं नसतं. तिथून मागणी बदलायची: त्याच जागी, त्याच वापराचं नवं संकुल.

‘नव्या इमारतीतही तलाव देणारच आहोत’ हे आश्वासन हमखास मिळतं. आराखडा मागा आणि त्यावर पट्टी ठेवा. तलाव २५ मीटर आहे की १५? वरच्या मजल्यावर असेल तर १.४ मीटर खोल पाण्याचं वजन दर चौरस मीटरला १.४ टन होतं. एवढं वजन पेलायचं आणि पाणी खाली झिरपू द्यायचं नाही, याचा खर्च पूर्वगणनपत्रकात दिसायला हवा. तो दिसत नसेल तर तो तलाव बहुधा कागदावरच राहील. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटर असतं, पण खरा प्रश्न उंचीचा आहे. छत निदान नऊ मीटर हवं. साडेचार मीटरच्या मजल्यात आखलेल्या कोर्टावर उंच टोला मारताच येत नाही. शुल्क कोण ठरवणार, महिलांच्या बॅचेस राहणार का, बांधकामाच्या काळात मुलं कुठं पोहणार, हे सगळं ठरावाच्या मजकुरात हवं. भाषणात सांगितलेलं कोणालाच बांधील नसतं.

बालगंधर्व रंगमंदिर पाडून नव्यानं बांधण्याची चर्चा झाली तेव्हा कलावंत आणि रसिक बोलले, कारण १९६८ पासून शहराला त्याची सवय आहे. तुमच्या गल्लीतल्या तलावासाठी आवाज उठवायला शहर येणार नाही, तुम्हालाच यावं लागेल. त्यामुळे पोहणारे, बॅडमिंटनवाले, सकाळी फिरणारे आणि संध्याकाळी मैदानात खेळणारी मुलं यांचं एकच निवेदन असू द्या. प्रत्येकाला वेगळं बोलावून ‘तुमचं राहील’ असं सांगितलं की गट फुटतात. बॅनरवर कुठल्याच पक्षाचा चेहरा नको. सगळ्या पक्षांच्या नगरसेवकांकडून मात्र पत्र घ्या. सह्या इथं कामाला येतात: मुख्य सभेच्या आधीच्या आठवड्यात, नगरसेवकांच्या हातात, प्रभागाच्या मतदारांच्या नावापत्त्यासह.

न्यायालयात जायचं तर उशीर करू नका. पुण्यासाठी उच्च न्यायालय मुंबईला, आणि ‘इतके दिवस कुठं होतात’ हा पहिला प्रश्न असतो. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द ठरवलं, आणि रहिवाशांना अशी दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केलं. लखनौत निविदा न मागवता एका बागेखाली भूमिगत बाजार बांधायला दिला होता. १९९९ मध्ये तो काढून बाग पूर्ववत करायचा आदेश झाला. वकिलांशी पहिल्या भेटीत याच दोन निकालांवर बोला.

आणि प्रस्ताव ‘रद्द झाला’ अशी घोषणा झाली की फटाके वाजवण्याआधी ठरावाची प्रत मागा. रद्द, स्थगित आणि फेरविचारासाठी परत, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थगित प्रस्ताव पुढच्या वर्षी दुसऱ्या नावानं परत येऊ शकतो. म्हणून येत्या अंदाजपत्रकात त्या पुनर्विकासाचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाची नोंद, शिल्लक आहे का ते बघा, आणि फिल्टर, टाइल्स, जीवरक्षकांचे पगार यांसाठी स्वतंत्र तरतूद झालीय का तेही बघा. नसेल तर नागरिकांच्या सूचनांच्या अंदाजपत्रकासाठी अर्ज मागवले जातात तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात ती कामं एकेक करून लिहून द्या.