फ्रीज बंद पडतो तेव्हा : एका सीनच्या आवाजाची सातवी आवृत्ती

सीन तोच आहे. १ मिनिट ५२ सेकंद, एक खोली, एक बाई, टेबलावर पाण्याचा ग्लास, मागे बंद दार. ती वाट बघतेय, कुणाची ते सांगितलेलं नाही. शेवटी दार उघडतं आणि कट. संवाद एकही नाही. चित्र लॉक झालंय, यापुढे एक फ्रेमसुद्धा हलवायची नाही असं स्वतःला बजावून ठेवलंय. जे करायचं ते आवाजात.

पहिल्या दोन आवृत्त्यांबद्दल फार बोलत नाही. दोन्हींत तळाशी एक खर्जातला सिंथ ड्रोन (सिंथेसायझरचा न थांबणारा एकसुरी आवाज) होता. ज्यांना दाखवलं त्या सगळ्यांचं म्हणणं एकच, हिचा आता खून होणार. मला खून नको होता. बघणाऱ्याने कान टवकारावेत एवढंच हवं होतं, आणि ड्रोन नेमकं तेच होऊ देत नाही. काय वाटायला हवं ते तो आधीच सांगून मोकळा होतो, मग माणूस ऐकेल कशाला? मावशी म्हणाली, "अगं, ती बाई शांत बसलीय, घाबरलीयस तू." ट्रॅक डिलीट केला. (म्यूट केला. डिलीट करायला अजून हात धजत नाही.)

तिसऱ्या आवृत्तीत ग्लास हाती घेतला आणि तिथेच दोन आठवडे गेले. ग्लास टेबलाला टेकतो तो क्षण शॉटमध्ये तिच्या बोटांआड आहे. म्हणजे तो हलकेच ठेवला की आपटला, हे चित्र सांगतच नाही. मी तीन आवाज रेकॉर्ड केले : अलगद, साधा, आपटलेला. आपटलेला लावला की लोकांना तिचा हात झटक्याने खाली आलेला दिसतो. 'दिसतो' हा शब्द मुद्दाम वापरतेय. एकाने तर हा दुसरा टेक आहे का, असं विचारलं. चित्र आणि आवाज एकाच क्षणी आले की मन त्यांना आपोआप सांधतं, या गोष्टीला सिनेमातल्या आवाजाचा अभ्यासक मिशेल शियाँने सिंक्रेसिस असं नाव दिलंय. वाचलं होतं, पण आपल्याच टाइमलाइनवर बघणं वेगळं.

खात्री करायला रॉबर्ट सेक्युलर आणि सहकाऱ्यांचा १९९७ सालचा प्रयोग घरी करून पाहिला. फार सोपा आहे, तुम्हीही करा. काळ्या पडद्यावर दोन पांढरे ठिपके समोरासमोरून येतात, एकमेकांवर येतात आणि पुढे निघून जातात. आवाज नसेल तर ते बहुतेक वेळा आरपार गेल्यासारखे दिसतात. नेमक्या भेटीच्या क्षणी एक छोटासा 'टक्' टाकला की तेच ठिपके आपटून परत फिरल्यासारखे दिसू लागतात. ठिपक्यांच्या हालचालीचे टप्पे (कीफ्रेम) मी स्वतः लावले होते, ठिपके आरपार जातात हे मला ठाऊक होतं, तरी डोळे ऐकेनात.

मग त्या ग्लासचं टायमिंग. २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे साधारण ४२ मिलिसेकंद. आवाज दोन फ्रेम आधी सरकवला तर ग्लास ताबडतोब डबिंग केल्यासारखा वाटतो. तोच दोन फ्रेम उशिरा ठेवला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, उलट ग्लास जरा जड वाटतो. प्रसारणासाठीच्या आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) शिफारशीत हाच एकांगीपणा आकड्यांत आहे : आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की चूक जाणवू लागते, मागे पडला तर सुमारे १२५पर्यंत खपून जातं. साहजिकच आहे. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास चालतो आणि प्रकाश कधीच येऊन पोचलेला असतो. लांबच्या गोष्टीचा आवाज उशिरा येण्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे, आधी येण्याची नाही. माझा ग्लास आता एक फ्रेम उशिरा आहे.

चौथी आवृत्ती फुकट गेली. शूटच्या दिवशी रूम टोन, म्हणजे खोलीचा नुसता आवाज, रेकॉर्ड करायला विसरले होते, तीस सेकंद सगळ्यांना गप्प उभं करायचं, बस, तेवढंच. मग टेकच्या आगेमागे सापडलेले दोन-दोन सेकंदांचे तुकडे क्रॉसफेडने, म्हणजे एकात एक विरघळवत, जोडत बसले. त्यातल्या एका तुकड्यात कुणाचा तरी श्वास आहे आणि तो दर अकरा सेकंदांनी येतो. तो काढेपर्यंत पाचवी उजाडली.

दाराकडे येणाऱ्या माणसाच्या पावलांची गंमत अशी की खऱ्या जिन्यावर, खऱ्या माणसाला चढायला लावून केलेलं रेकॉर्डिंग खोटं वाटलं. नुसती ठकठक, कोण येतंय याचा पत्ता नाही. शेवटी बूट हातात घातले, फरशीवर चिमूटभर वाळू टाकली आणि टाच-चवडा वेगवेगळा दाबत चालले. टाचेत वजन येतं, चवड्यात स्वभाव. चवडा किंचित घासला की माणूस थकलेला, टाचेमागून लगेच पडला की तो घाईत. मी घासणारा ठेवलाय.

ही पावलं बंद दाराबाहेरची. दार वरच्या पट्टीतल्या फ्रिक्वेन्सी जास्त अडवतं म्हणून ८०० हर्ट्झच्या आसपास लो-पास (खालचे सूर जाऊ देणारा, वरचे अडवणारा फिल्टर) लावला. तरी काहीतरी चुकत होतं. मावशी म्हणाली, "माणूस बाहेर आहे गं, पण जिना घरात आहे." तिला रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) म्हणजे काय हे माहीत नाही, पण चूक तिनेच पकडली. माझा रिव्हर्ब मिक्समधल्या वेगळ्या मार्गावर (बसवर) होता. फिल्टर पावलांवर लागला होता, जिन्यातला घुमारा मात्र तसाच उघडा सुटला होता. दोन्ही एकाच फिल्टरमधून नेले तेव्हा कुठे दार बंद झालं.

क्रम सध्या असा आहे : सात पावलं वर येतात, थांबतात, चार सेकंद काही नाही. मग दार. ही चार सेकंद म्हणजे सगळा सीन, पण सहाव्या आवृत्तीपर्यंत ती नुसती रिकामी वाटत होती, कारण त्याआधीही खोली रिकामीच होती. शांतता ऐकू यायची तर आधी काहीतरी वाजत असायला हवं.

संगीत न घेता ताण चढवायचे दोन नमुने माझ्या डोक्यात होते. ऋत्विक घटकांच्या 'मेघे ढाका तारा'मध्ये (१९६०) जिना उतरणाऱ्या नायिकेवर, नीतावर, चाबकाचे फटके ऐकू येतात. चाबूक सीनमध्ये कुठेच नाही. 'द गॉडफादर'मधल्या (१९७२) रेस्टॉरंटच्या सीनला ध्वनिकार वॉल्टर मर्चने रेल्वेचा कर्कश आवाज दिला. रेल्वे दिसत नाही, पण ती बाहेर कुठेतरी असू शकते. चाबकाची हिंमत माझ्यात नाही. मला दुसरी वाट बरी वाटली, जो आवाज त्या जगातलाच आहे, ज्याच्याबद्दल कुणी तक्रार करणार नाही.

म्हणून फ्रीज. सीन सुरू झाल्यापासून तो गुणगुणतोय, कुणाचं लक्ष नाही. पावलं सुरू व्हायच्या नऊ सेकंद आधी कॉम्प्रेसर थडथडतो आणि बंद पडतो. बस. सहा जणांना एकेकटं बसवून दाखवलं आणि परवानगी घेऊन त्यांचे चेहरे फोनवर टिपले. चौघं फ्रीज बंद पडताच हलायचे थांबले. एकाचा हात मानेवर खाजवता खाजवता तसाच राहिला. नंतर विचारलं तर चौघांपैकी एकालाही फ्रीज आठवत नव्हता. "काहीतरी झालं असं वाटलं," एवढंच.

मी हवेत. आणि मग उरलेल्या दोघांचे व्हिडिओ पाहिले. काहीही नाही, दगड. त्या दोघांनी सीन फोनच्या स्पीकरवर पाहिला होता. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या फ्रीजची गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्झच्या आसपास असते, आणि फोनचा चिमुकला स्पीकर तिथे पोचतच नाही. जे कधी वाजलंच नाही ते बंद काय पडणार! शिवाय आवाज कमी ठेवून बघितलं तर खालच्या फ्रिक्वेन्सी कानालाच कमी ऐकू येतात. कानाला कुठला सूर किती मोठा वाटतो याचे जे वक्र फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये काढले, त्यांत हे स्पष्ट दिसतं. हे मला तोंडपाठ होतं आणि तरीही मी मिक्स केला तो मोठ्या हेडफोनवर, मोठ्या आवाजात.

सातव्या आवृत्तीत गुणगुणीवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणं) दिलंय, म्हणजे ३०० ते ६०० हर्ट्झमध्ये तिचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) तयार होतात आणि मूळ सूर न ऐकताही फ्रीज 'आहे' असं वाटतं. जरा जास्त झालं की मधमाश्या. वर बाटल्यांची अगदी बारीक किणकिण टाकलीय. फोनवर आता फ्रीज कळतो, पण हेडफोनवर तो थोडा पुढे येऊन बसलाय, आणि पुढे आला की लक्षात येतो, लक्षात आला की युक्ती उघडी पडते. दोन डेसिबलच्या आत कुठेतरी मध्य सापडेल.

आणखी एक अडलंय. दार उघडताना पावलांवरचा फिल्टर उघडत नेला तर आवाज छान खोलीत येतो, पण त्या क्षणी पावलंच नाहीत, माणूस उभा आहे. उघडायला काही हवं म्हणून जिन्यातला रूम टोन आणि त्याचा श्वास ठेवून बघितलं. श्वासाने तो लगेच वाईट माणूस होतो. श्वास काढला.

मावशीला काल पुन्हा दाखवलं. म्हणाली, "तो दारात आला की फ्रीज परत चालू कर ना, बरं वाटेल." केला. खरंच बरं वाटतं. आता तो ट्रॅकही म्यूट करून ठेवलाय, ड्रोनच्या शेजारी.