डोळा लावायची जागा

कॅमेरेवाली चार माणसं जमली की लेन्सवर तासभर बोलतात, सेन्सरवरून हमरीतुमरीवर येतात. पण ज्या खिडकीतून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून, सगळं बघायचं, तिच्याभोवतीच्या रबराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ते हरवलं की मात्र आठवण होते. आणि ते हरवतंच. पुष्कळ डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर, हा रबरी आयकप दोन खाचांत वरून खाली सरकवून बसवलेला असतो. कॅमेरा घाईघाईने बॅगेत खुपसला की कप्प्याच्या कडेला अडकून तो वर येतो, आणि पुढच्या वेळी कॅमेरा बाहेर निघतो तो बोडका. भिगवणच्या होड्यांत, सिंहगडाच्या वाटेवर, एसटीच्या सीटखाली असे किती रबरी चौकोन पडले असतील कोण जाणे.

नवा घ्यायचा तर माझ्या दोन अडचणी. एक चष्मा, दुसरं नाक. मी डाव्या डोळ्याने बघणारा. उजव्या डोळ्याच्या माणसाचं नाक कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला निसटून तरी जातं. माझं थेट स्क्रीनवर टेकतं, आणि अंगठ्याने दाबायची बटणं माझ्या गालाखाली येतात. उन्हाळ्यात स्क्रीनवर जो तेलकट ठसा उमटतो तो पाहून कुणीही सांगेल की कॅमेरा कुणाचा. एका बाजूला लांब पाळी असलेले मोठे आयकप मिळतात. हूडमनचा तर फिरवून डाव्या डोळ्यासाठीही लावता येतो. बिनचष्म्याच्या माणसाला तो वरदान आहे. कडेचा उजेड असा अडतो की बघणाऱ्याला आपण उन्हात उभे आहोत याचा विसर पडावा. चष्मेवाल्याची मात्र ती पाळी काचेवर दुमडते आणि डोळा उलट आणखी मागे ढकलते.

कंपन्या कागदावर जे आकडे देतात ते नीट वाचले तर बरेच पैसे वाचतात. निकॉनचा डी7000 घ्या. व्ह्यूफाइंडर 0.94 पट, म्हणजे नुसत्या डोळ्याच्या मानाने चित्र केवढं दिसतं ते; व्याप्ती 100 टक्के, म्हणजे फोटोत येणारं सगळं खिडकीत दिसतं. डी700 चा 0.72 पट, 95 टक्के. कुणालाही वाटेल डी7000 ची खिडकी मोठी. प्रत्यक्षात ती लहान आहे. हा पटीचा आकडा 50 मिमीची लेन्स लावून मोजतात, आणि डी7000 चा सेन्सर छोटा असल्यामुळे त्या लेन्सच्या चित्राचा फक्त मधला तुकडा त्याच्या वाट्याला येतो. 0.94 ला दीडने भागायचं; हाती राहतात 0.63. डी700 चा सेन्सर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणून त्याचे 0.72 तसेच राहतात. फिल्मच्या जमान्यातल्या निकॉन एफएम2 चा आकडा 0.86 होता, आणि तिथे भागाकार नव्हता. ज्याने एफएम2 ला डोळा लावलाय, त्याला नंतरच्या छोट्या सेन्सरवाल्या कॅमेऱ्यांत बघताना शेजाऱ्याच्या दाराच्या फटीतून डोकावल्यासारखं वाटतं.

दुसरा आकडा आयपॉइंटचा, ज्याकडे विक्रेतेही ढुंकून बघत नाहीत. डी7000 चा 19.5 मिमी. म्हणजे शेवटच्या काचेपासून डोळा तितका लांब असला तरी चारही कोपरे दिसतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण चष्म्याची काच डोळ्यापुढे साधारण 12 ते 14 मिमी असते, वर तिची जाडी, आणि कॅमेऱ्याची काच रबराच्या आत खोल बसलेली. वजाबाकी केली की चिल्लर उरते. हे दुखणं जुनंच आहे. निकॉनने 1982 मध्ये एफ3 या फिल्म कॅमेऱ्यासाठी खास हाय-आयपॉइंट फाइंडर काढला. त्यात 25 मिमीवरूनही अख्खी चौकट दिसे. पण त्यापायी चित्र 0.8 वरून 0.75 पटीवर आणावं लागलं. मोठं दिसणं आणि सगळं दिसणं, या दोघांचं तेव्हाही जमलं नव्हतं.

माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं, कारण मॅग्निफायर, म्हणजे चित्र मोठं दिसावं म्हणून खिडकीवर लावायची भिंगं, या भांडणात उघड उघड एकाची बाजू घेतात. निकॉनचा डीके-21एम 1.17 पट, कॅननचा एमजी-ईबी 1.2 पट, ऑलिंपसचा एमई-1 तोही 1.2. लावल्या लावल्या स्वर्ग! 0.63 चे 0.73 होतात, शेकाट्या पक्ष्याच्या लाल डोळ्यावर फोकस आलाय की चोचीवर, ते कळायला लागतं. मग लक्षात येतं की खालची शटर स्पीडची पट्टी दिसत नाही. मान जरा उचलली की ती दिसते, पण तेवढ्यात वरची कड जाते. 100 टक्के व्याप्तीचे पैसे मोजायचे आणि वर पदरचे पैसे घालून कोपरे कापून घ्यायचे. अगदी जवळून फोटो काढणाऱ्या मॅक्रोवाल्यांनी, जुन्या मॅन्युअल लेन्स हाताने फिरवणाऱ्यांनी आणि चष्मा नसलेल्यांनी जरूर घ्यावा. बाकीच्यांनी आधी कुणाचा तरी मागून बघावा.

‘मग चष्मा काढून बघ की’, असं सांगणारे भेटतातच. खिडकीशेजारचं ते इवलंसं चाक साधा नंबर सांभाळून घेतं, पण सिलिंड्रिकल नंबरापुढे त्याचं काही चालत नाही. शिवाय चाळिशीच्या पुढच्यांसाठी एक गंमत आहे. आतलं चित्र डोळ्याला साधारण एक मीटरवर असल्यासारखं भासतं, म्हणून लांबचं लख्ख दिसणाऱ्या माणसालाही ते चाक थोडं फिरवावं लागतं. आणि समजा चष्मा काढला, तर तो ठेवायचा कुठे? कपाळावर चढवलेला चष्मा खाली वाकताक्षणी उजनीच्या पाण्यात जातो.

एका कंपनीचा मॅग्निफायर दुसरीच्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. ऑलिंपसच्या त्या एमई-1 ला या मंडळींनी किती वेळा कानस लावली असेल! निकॉनचा डीके-17एम गोल, आट्यांचा. तो चौकोनी खिडकीवर बसवायला मध्ये डीके-22 हा अडॅप्टर घालतात. माझ्या एका मित्राने हे कानशीचं काम माझ्यासमोर केलंय. आधी दोन्ही काचांवर मास्किंग टेप, खाली वर्तमानपत्र, हातात बोहरी आळीतून आणलेली बारीक तिकोनी कानस. प्लास्टिकच्या खाचेतून ती फक्त पुढे रेटायची, ओढायची नाही. चार हात मारले की फुंकर, काळी भुकटी झटकायची आणि कॅमेऱ्यावर सरकवून बघायचं. घट्ट. पुन्हा चार हात. एका क्षणी तो ‘टक’ करून बसला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सैल झाला असता तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप होती. झटपट चिकटणारा गोंद मात्र त्याने घरातही ठेवला नव्हता. त्याच्या वाफेने शेजारच्या काचेवर पांढरी साय धरते आणि ती पुसून नीट जात नाही.

माझी कारागिरी याहून गरीब आहे. मोठ्या आयकपची पाळी ब्लेडने उतरवली आणि उरलेल्या कडक कडेवर सायकलच्या ट्यूबची अरुंद पट्टी ताणून बसवली. पंक्चरवाल्याने ट्यूब फुकट दिली. आतली शंखजिऱ्याची पावडर धुवायला घरचा साबण लागला. चष्म्याच्या प्लास्टिकच्या काचेवर आता ओरखडे उठत नाहीत आणि डोळा दीडेक मिमी पुढे सरकलाय. तेवढ्यात खालची पट्टी दिसते.

जाता जाता एक. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून टायमर लावला आणि ऊन पाठीमागून असलं, तर त्या खिडकीतून शिरलेला उजेड कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो आणि फोटो काळवंडतो. कॅननच्या गळ्यात अडकवायच्या पुष्कळ पट्ट्यांना ओवलेला जो रबराचा तुकडा लोक शोभेचा समजतात, तो ती खिडकी झाकण्यासाठीच असतो.

मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, आतलं चित्र म्हणजे छोटा पडदाच, त्यामुळे खिडकी हवी तेवढी मोठी करता येते आणि आमच्यासारख्यांची बरीच सोय झाली. एक पथ्य तिथे पाळावं लागतं: मागची काच उन्हाकडे तोंड करून ठेवायची नाही, सूर्य तिच्यातून उलटा शिरून आतला पडदा जाळतो. आणि रबराशी खेळणाऱ्यांना नवं काम. खिडकीच्या कडेला डोळा ओळखणारा सेन्सर असतो. त्यावर ट्यूबची पट्टी आली की कॅमेऱ्याला वाटतं डोळा लागलेलाच आहे, आणि मागचा स्क्रीन काळाच राहतो. तेवढ्या जागी पट्टीला खाच पाडावी लागते. नखं कापायची कात्री पुरते.